अष्टमीचं पाणी

"काय काय चुकलं या आठवड्यात?" केणीसरांनी विचारलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

दर बुधवारी दुपारी तीन वाजता, प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, हाच पहिला प्रश्न. काय केलं, काय सापडलं हे नंतर. दिनानाथ केणी यांच्याकडे पीएच.डी. करणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक शंभर पानी वही मिळायची. तिच्यात फक्त चुका लिहायच्या, आणि बुधवारी सगळ्यांसमोर वाचायच्या.

दिशाची वही अर्धी भरली होती. तिला येऊन जेमतेम आठ महिने झाले होते.

"सर, सोमवारी द्रावण करताना आकडेमोड चुकली, दहापट झालं. मंगळवारी भुईगावच्या तीन बाटल्यांना लेबलच लावलं नाही, मग कुठली कुठली कळेना. ओतून दिल्या. पुन्हा जावं लागलं."

"बसभाडं वाया," सर हसले. "आता आयुष्यात लेबल विसरणार नाहीस. आणखी?"

"आणखी एक आहे सर. पण ती चूक आहे की काय, तेच कळत नाहीये."

सर पुढे वाकले. समोरच्या स्टुलावर बसलेल्या लतिकाबाईंना ते वाकणं दिसलं आणि खुपलं. सहा वर्षांत त्यांच्याकडे बघून सर असे कधी वाकले नव्हते.

"तुमचं काय, लतिकाबाई?" मधेच सरांनी विचारलं, रिवाज म्हणून.

"काही नाही सर."

"काहीच नाही?"

"नाही."

खरंच नव्हतं. लतिका चुरींची चुकांची वही सहा वर्षं कोरी होती. खाकी कव्हर, त्यावर वळणदार अक्षरात नाव, आत पहिल्या पानावर 'श्री' आणि बाकी पांढरं. त्यांना तिचा अभिमान होता. परीक्षेच्या पेपरात खाडाखोड नसावी तसा.

त्या वसईच्याच कॉलेजात अकरावी-बारावीला रसायन शिकवायच्या. वय एकेचाळीस. पहाटे साडेचारला उठून देवपूजा, पोथीचा एक अध्याय, तुळशीला पाणी, मग डबे. पौर्णिमेला अळणी उपास. लग्नाच्या वर्षी धरलेला, एकदाही मोडला नव्हता. बाळंतपणातसुद्धा दाईला सांगून पेजेत मीठ घालू दिलं नव्हतं. असा नेम ज्याला जमतो त्याला संशोधन काय जड आहे, असं त्यांना मनातून वाटे. संशोधन म्हणजे तरी काय, ठरल्या वेळी, ठरल्या जागी, ठरलं काम.

सरांनी कपाटाच्या दारावर आपल्या हातानं एक कागद चिकटवला होता. संशोधन करणाऱ्यानं शिकायच्या गोष्टी: वाचणे, मोजणे, विचारणे, लिहिणे, बोलणे, थांबणे, कबूल करणे. लतिकाबाईंनी मनातल्या मनात कधीच साती खुणा करून टाकल्या होत्या.

"बोल," सर दिशाला म्हणाले.

"भुईगावची हिल्डा आंटीची विहीर. रविवारी मी दुपारी पाणी घेतलं. खारेपणाच्या मीटरवर अठराशे दहा आलं, सर. दोनदा बघितलं."

"लतिकाबाई, तुमचा त्या विहिरीचा आकडा काय असतो?"

"सहाशे चाळीसच्या आसपास." लतिकाबाई शांतपणे म्हणाल्या. "सातशेच्या वर कधीही गेला नाही. साडेपाच वर्षं दर महिन्याला घेतेय मी." मग थोडं थांबून, अगदी मऊ आवाजात त्यांनी पुढचं वाक्य टाकलं, "बाटली नीट विसळली नसेल तिनं. आदल्या प्रयोगाचं मीठ राहतं कधीकधी."

दिशाचं तोंड उतरलं. "असेल मॅडम. सॉरी."

लतिकाबाईंना बरं वाटलं. बरं वाटल्याचं वाईटही वाटलं, पण ते मागाहून, आणि कमी.

त्या विहिरी लतिकाबाईंच्या होत्या. म्हणजे त्यांच्या प्रबंधाच्या. भुईगाव हे त्यांचं माहेर. वाडीतल्या केळी-पानवेलींत त्या वाढल्या. टँकरवाले पाणी उपसतात, त्यामुळे समुद्र आत येतोय, अशी ओरड व्हायला लागली तेव्हा सरांनी विषय दिला: किनाऱ्याजवळच्या विहिरींत खारं पाणी शिरतंय का? आणि लतिकाबाईंचं उत्तर तयार होतं. नाही शिरत. प्रबंधाचा आराखडा टाईप होऊन, निळी फीत बांधून आला होता. पुढच्या बुधवारी त्यावर सरांची सही, मे महिन्यात तो विद्यापीठात.

आणि मधेच ही आली. नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी, साताऱ्याकडच्या भोइट्यांची चोवीस वर्षांची पोर. विषय हिचा वाडीतल्या मातीचा. पण मातीत मुरतं ते पाणीही बघ म्हणून सरांनी हिला त्याच विहिरींवर पाठवलं. कॉम्प्युटरवर फटाफट आलेख काढते, न कळलेलं सरळ विचारते, चुका वाचून दाखवते, आणि सर खूश. चुकांबद्दल शाबासकी! लतिकाबाईंना हा न्यायच उमगत नव्हता. घरातल्या सांडलवंड करणाऱ्या सुनेचं कौतुक आणि राबणाऱ्या सुनेकडे कुणाचं लक्ष नाही, त्यातलीच ही गत.

"एक काम करा," सर म्हणाले. "दोघी एकाच दिवशी जा. एकाच विहिरीचं, एकाच वेळी पाणी घ्या."

"मी शुक्रवारी जाणारच आहे," लतिकाबाई म्हणाल्या. "येऊ दे तिला."

रात्रीचं जेवण वाढताना नवऱ्याच्या, काशिनाथरावांच्या, लक्षात आलं.

"आज आमटीत मीठ नाही. पौर्णिमा आहे का गं?"

"विसरले."

"तू? विसरलीस?" त्यांनी मीठ घेतलं. "त्या साताऱ्याच्या पोरीनं पुन्हा काही केलं वाटतं."

"मला काय करायचंय तिचं?"

"तेच म्हणतो मी. तू आपली सही घे. पेढे अर्नाळ्याच्या त्या दुकानातले आणू की वसईतलेच, एवढंच बोल."

त्या हसल्या. पण अंथरुणावर पडल्यावर जपमाळेचे मणी बोटांतून सरकत होते आणि मनात दर मण्याला एकच: सर पुढे वाकले. सर पुढे वाकले.

शुक्रवारी दोघी एसटीनं भुईगावला उतरल्या. लतिकाबाईंच्या एका पिशवीत बाटल्या, दुसऱ्या पिशवीत खण, नारळ, तांदूळ. वाटेत देवीचं लहानसं देऊळ होतं. दर महिन्याच्या शुद्ध अष्टमीला तिची ओटी भरायची हा आईचा नेम. आई गेल्यावर तो लेकीकडे आला होता. वसईहून एवढं यायचंच, तर त्याच फेरीत विहिरींचं पाणीही घ्यायचं, हे लतिकाबाईंनी पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं. एका फेरीत दोन कामं. एसटीचा वेळ वाचतो, रजाही एकच जाते. साडेपाच वर्षांत एक अष्टमी चुकली नव्हती; पावसातसुद्धा नाही.

ओटी भरेपर्यंत दिशा चपला काढून पायरीवर बसून राहिली.

"मॅडम, तुम्ही दर वेळी आधी इथे येता?"

"दर वेळी."

"भारी आहे. मला तर आज वार कुठला तेही कळत नसतं."

'दिसतंच आहे,' असं ओठांवर आलेलं लतिकाबाईंनी गिळलं आणि तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

हिल्डामावशींची विहीर घराच्या पाठीमागे, चिकूच्या झाडाखाली. मावशी साठीच्या, गळ्यात क्रूस, कमरेला लुगडं घट्ट खोचलेलं. लतिकाबाईंची आई आणि त्या जुन्या शेजारणी. दोघींनी पाणी शेंदलं. दिशानं आपली बाटली त्याच पाण्यानं एकदा विसळली, दुसऱ्यांदा विसळली, तिसऱ्यांदा विसळली, मग भरली. मीटर दोघींच्या मधे कठड्यावर ठेवलं.

सहाशे पंचावन्न. दिशाच्या बाटलीतही सहाशे पंचावन्न.

दिशा थोडा वेळ काट्याकडे बघत राहिली. मग तिथेच कठड्यावर बसून तिनं वही काढली. लतिकाबाईंनी तिरक्या नजरेनं वाचलं: '१८ एप्रिलचा आकडा चुकला. माझी चूक. कारण सापडलं नाही.'

"होतं असं सुरुवातीला," लतिकाबाई म्हणाल्या. इतकं गोड त्या तिच्याशी आजवर बोलल्या नव्हत्या.

"सर म्हणतात कारण सापडल्याशिवाय चूक संपत नाही." दिशानं पिशवी उचलली. "मी निघू मॅडम? पावणेबाराची एसटी मिळेल."

ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली तशा लतिकाबाई ओट्यावर टेकल्या. मावशींनी चहा पुढे ठेवला. मन हलकं झालं होतं, पण पुरतं नव्हतं. अजून काहीतरी हवं होतं. सरांना बुधवारी सहज सांगता येईल असं.

"मावशी, ती पोरगी रविवारी आली होती ना? बाटल्याबिटल्या धुते का गं नीट?"

"धुते की. तीन-तीन वेळा. बघितलं नाय आता?" मावशी हसल्या. "तूच एकदा धुते, बाय. तुला देवीहून आलं की घरची घाई."

लतिकाबाईंच्या कपाळावर बारीक आठी उमटली. "मग तिचं पाणी खारं कसं आलं? चुकलंच काहीतरी. पार तिप्पट खारं."

"कवा? रविवारी ना? आखातीला?" मावशींनी बशी खाली ठेवली. "चुकलं कसं? त्या दिशी पानी खारंच होतं. उधान होतं ना. अवस-पुनवेला उधानाची भरती आली की दोन-तीन दिवस ह्या विहिरीच्या पान्यात डाल शिजत नाय. फेब्रुवारी उलटला की असंच. मी आमच्या पोराला, प्लासिडला, वरच्या वाडीतनं हंडा आणायला लावते."

"दर वेळी?"

"दर उधानाला. आता तीन-चार वर्षं झाली. मग भांग पडला की पानी परत गोडं. अष्टमी-नवमीला बघ कसं, चहा किती बेस झाला."

चहा खरंच चांगला झाला होता. लतिकाबाईंच्या हातातला कप तसाच राहिला.

"मावशी, तू मला कधी बोलली नाहीस."

"तू कवा विचारलं?" मावशींच्या बोलण्यात टोचणी नव्हती, तेच जास्त लागलं. "तू येते, बाटली भरते, बरी आहेस का मावशी म्हणते, नि जाते. मला वाटलं, शिकलेली बाय, भुईगावचीच पोर, तिला काय भरती सांगायची?"

खरं होतं. लतिकाबाई भरती-ओहोटीच्या आवाजात वाढल्या होत्या. अवस-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग, समुद्र दमल्यासारखा कमी चढतो आणि कमी उतरतो, हे त्यांना सातव्या वर्षी ठाऊक होतं. आणि त्यांनी सहासष्ट वेळा, न चुकता, समुद्र जेव्हा सर्वांत कमी चढतो नेमक्या त्याच दिवशी जाऊन विचारलं होतं, समुद्र आत येतो का?

घरी जाऊन जुनी पंचांगं उघडायची गरज नव्हती. तरी त्यांनी उघडली.

शनिवार गेला, रविवार गेला. कुणाला कळण्यासारखं नव्हतं, हीच पंचाईत होती. वहीत तारखा होत्या, तिथ्या नव्हत्या. चार मार्च, दोन एप्रिल, अशा पुढेमागे सरकणाऱ्या तारखा बघून सर तर एकदा म्हणाले होते, छान, दिवस विखुरलेले आहेत. दिशाला तिथी कळत नव्हती. मावशी कधी कॉलेजात येणार नव्हत्या. सही व्हायची, प्रबंध जायचा, नावामागे डॉक्टर लागायचं. आकडे तर खरेच होते, त्यात एकही खोटा नव्हता. सोमवारी देवापुढे बसून त्यांनी हे देवाला नीट समजावून सांगितलं. समईची वात सरळ जळत राहिली.

आणि ती पोरगी? तिचा तो अठराशे दहा. तीनदा बाटली धुऊन, बरोबर घेतलेला, एकुलता एक खरा आकडा. तो तिनं स्वतःच्या चुकांत लिहून टाकला होता. तो तिथे पडून राहिला असता आणि लतिकाबाईंना आयुष्यभर रोज पहाटे साडेचारला आठवला असता. सांगितलं, तर तो तिचा शोध होणार होता. सहा वर्षं आपण चाललो आणि देव त्या पायरीवर बसलेलीला भेटला.

बुधवारी सरांच्या टेबलावर निळ्या फितीचा आराखडा उघडा होता, शेवटचं पान वर. सरांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं.

"आधी चुका," ते म्हणाले. "दिशा."

"सर, हिल्डा आंटीच्या विहिरीचा आकडा चुकलाच होता. शुक्रवारी सहाशे पंचावन्न आलं, दोघींचं. कारण काही सापडलं नाही."

"खोडू नकोस. बाजूला ठेव." सर लतिकाबाईंकडे वळले, पेन हातात घेऊनच. "तुमचं नेहमीप्रमाणे काही नाही."

"आहे, सर."

पेन थांबलं.

लतिकाबाईंनी पिशवीतून खाकी वही काढली. पहिल्या पानावर, 'श्री'च्या खाली, चार ओळी होत्या. त्यांनी त्या वाचल्या. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. फक्त पान धरलेला अंगठा पांढरा पडला होता.

"मी पाण्याचे सर्व नमुने शुद्ध अष्टमीला घेतले. त्या दिवशी भांगाची भरती असते. उधाणाच्या दिवसांचा माझ्याकडे एकही नमुना नाही. त्यामुळे समुद्राचं पाणी शिरत नाही असं मला म्हणता येत नाही." एवढं वाचून त्यांनी वही मिटली. "ओटी भरायला जायचे, त्याच फेरीत पाणी घ्यायचे. दिशा गेली त्या रविवारी अक्षय्य तृतीया होती. उधाण होतं. मीटर बरोबर होतं, बाटलीही स्वच्छ होती."

सरांनी पेन खाली ठेवलं. मग ते पुढे वाकले; पण दिशाकडे.

"म्हणजे तुझे अठराशे दहा खरे आहेत, पोरी."

लतिकाबाईंना ते वाकणं पुन्हा खुपलं, नेहमीच्याच जागी. खरं बोललं की सल जातो, असं त्यांनी पोथीत वाचलं होतं. गेला नाही.

सरांनी पेनाला टोपण लावलं. आराखड्याची फीत पुन्हा बांधली, सावकाश, गाठ नीट बसवून, आणि तो लतिकाबाईंच्या पुढ्यात सरकवला.

"दोन वर्षं तरी जातील, लतिकाबाई. चारही वेळा घ्यावं लागेल. अवस, पुनव, दोन्ही अष्टम्या."

"हो सर."

"तुमच्या अष्टमीचे सहासष्ट आकडे वाया नाहीत. पण ते अर्धं वाक्य आहे."

"हो सर."

बाहेर व्हरांड्यात दिशा मागून धावत आली. "मॅडम, मला ते तिथीचं शिकवाल? उधाण, भांग, सगळं. मला ते काहीच येत नाही."

"कॅलेंडरवर छापलेलं असतं," लतिकाबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. जिन्याशी पोचल्यावर थांबल्या. मागे न वळताच बोलल्या, "शुक्रवारी पौर्णिमा आहे. तू कळंबच्या विहिरींवर जा, मी भुईगावला जाते. भर दुपारी घे. भरती तेव्हा असते."

पुढे दिशाचा प्रबंध आधी गेला. त्यात उधाणाचं एक प्रकरण होतं आणि त्याचंच कौतुक जास्त झालं. लतिकाबाईंचा त्यानंतर दीड वर्षानं गेला. तोवर सगळ्यांना ठाऊक झालेली गोष्ट पुन्हा एकदा, नीटसपणे, सिद्ध करून. काशिनाथरावांनी पेढे वसईतलेच आणले. पण ते सगळं नंतरचं.

त्या पौर्णिमेला भर दुपारी लतिकाबाई हिल्डामावशींच्या विहिरीवर उभ्या होत्या. आज ओटीची पिशवी नव्हती; देवळावरून जाताना त्यांनी फक्त हात जोडले होते. गल्लीच्या टोकाशी, सुरूच्या झाडांमागून उधाणाचा घोष येत होता. मावशींनी कळशी शेंदून वर काढली आणि त्यातला पेला भरून पुढे केला.

"मीटर मागाहून लाव. आधी चाखून बघ. मग तुला कळंल मी काय म्हनते ते."

लतिकाबाईंनी पेला घेतला. सकाळपासून पोटात फक्त दूध आणि केळं होतं. अठरा वर्षांची पौर्णिमा, मिठाचा कण नाही. त्यांनी पाण्याकडे बघितलं. स्वच्छ होतं, तळाचं पितळ दिसत होतं.

त्यांनी घोट घेतला. तोंडात धरला, आणि गिळला.

"काय गं बाय?"

"खारट आहे," लतिकाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी बाटली उचलली. त्याच पाण्यानं एकदा विसळली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. भरून, बूच लावून, लेबलावर तारीख लिहिली. आणि तारखेखाली, बारीक वळणदार अक्षरात, तिथी.